घरातला लहान सपाट टीव्ही : खोक्यावरच्या आकड्यांचा इतिहास



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. इतिहास म्हटलं की आपल्याला गड, तह, सनदा, बखरी आठवतात. आणि इथे बोलायचं आहे ते बत्तीस इंची एचडी टीव्हीबद्दल, जो निम्म्या घरांत भिंतीवर टांगलेला आहे. पण ज्या वस्तूकडे घरातली सगळी माणसं रोज दोन-तीन तास तोंड करून बसतात, तिला इतिहास नसेल असं कसं होईल?

या टीव्हीचा पुठ्ठ्याचा खोका डोळ्यांसमोर आणा. त्यावर काय छापलेलं असतं? '८० सेंमी (३२ इंच)'. 'एचडी रेडी'. '१३६६ × ७६८'. '१६:९'. 'एलईडी'. '१७८ अंश'. 'एचडीएमआय'. दुकानातला मुलगा हे सगळं घडाघडा म्हणतो, आपण मान डोलावतो आणि शेवटी विचारतो, "बरं, कितीला द्याल?" यातला प्रत्येक आकडा कधीतरी, कुठेतरी, कुणीतरी काही कारणाने ठरवलेला आहे. ती कारणं माहीत असली, तर आपण पैसे कशाचे मोजतोय ते कळतं.

माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो. सपाट पडदा आणि एचडी चित्र आपण एकाच दमात म्हणतो, पण ही दोन वेगळी घराणी आहेत. सपाट पडदा जन्मला तो लहान यंत्रांसाठी. त्याला वीज आणि जागा वाचवायची होती. एचडी जन्मली ती मोठ्या चित्राच्या ओढीतून. या दोन घराण्यांची सोयरीक झाली ती आपल्यासारख्यांच्या लहान घरात. आणि सोयरीक म्हटली की दोन्ही बाजूंना काहीतरी सोडावं लागतं. कुणी काय सोडलं, आणि आपल्या पदरात नेमकं काय पडलं, ते आज बघू.

आधी टीव्हीला पोट का होतं?

जुन्या डबा टीव्हीच्या आत पिक्चर ट्यूब असायची. तिचं मूळ १८९७ सालचं, जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्या नळीत आहे. काचेची निर्वात नळी, मागच्या टोकाला इलेक्ट्रॉनचा झोत आणि पुढच्या काचेवर चमकणारा लेप. झोत ज्या ठिकाणी आदळतो तिथे उजेड पडतो. हा झोत चुंबकाने वळवत वळवत डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरवायचा, एकेक रेघ ओढत. अशा रेघांचं मिळून चित्र होतं.

आता यात अडचण बघा. झोत एका ठरावीक कोनापर्यंतच नीट वळवता येतो. पडदा रुंद हवा असेल तर झोताला मागे सरकून उभं राहावं लागतं. बागेत नळीने पाणी घालताना तेच होतं. वाफा मोठा असला की आपण चार पावलं मागे जातो. म्हणून चित्र मोठं की डबा खोल. २१ इंची टीव्ही दीड फुटाच्या आसपास खोल असायचा आणि उचलायला दोन माणसं लागायची.

आपल्याकडे १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रायोगिक प्रसारण सुरू झालं, आणि मुंबईत केंद्र आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढे घराघरांत टीव्ही आला तेव्हा भिंतीतल्या शोकेसची खोली टीव्हीच्या पोटाच्या मापाने ठरायला लागली. दहा बाय बाराच्या खोलीत हा डबा कोपऱ्यात तिरका बसायचा आणि तो कोपरा कायमचा गेला असं समजायचं.

आपल्या प्रसारणाचं एक माप लक्षात ठेवा, नंतर लागणार आहे. आपण ६२५ रेघांची पद्धत घेतली. त्यातल्या ५७६ रेघांमध्ये प्रत्यक्ष चित्र असायचं. २१ इंची टीव्हीचं दिसणारं चित्र उंचीला साधारण ३० सेंटीमीटर. ३० सेंटीमीटरमध्ये ५७६ रेघा, म्हणजे एक रेघ अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड. हा अर्धा मिलिमीटर मनात ठेवा.

'एचडी' हा शब्द किती जुना?

आपल्याला वाटतं हा शब्द मोबाइलच्या जमान्यातला. तो त्याहून खूप जुना आहे. जॉन लोगी बेअर्ड यांनी लंडनमध्ये २६ जानेवारी १९२६ ला आपला यांत्रिक टीव्ही लोकांना दाखवला. पुढे त्यांचं ३० रेघांचं प्रसारण सुरू झालं. ३० रेघांत माणसाचा चेहरा ओळखू येत असे, त्यापलीकडे फारसं काही नाही. मग ब्रिटिश सरकारने लॉर्ड सेल्सडन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९३५ च्या अहवालात समितीने सांगितलं की प्रसारण 'हाय डेफिनिशन'च असायला हवं, आणि त्याची किमान अट घातली २४० रेघांची. २ नोव्हेंबर १९३६ ला बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित सेवा सुरू केली. तिच्यात बेअर्ड यांची २४० रेघांची आणि मार्कोनी-ईएमआय कंपनीची ४०५ रेघांची, अशा दोन पद्धती आळीपाळीने चालल्या, आणि काही महिन्यांतच ४०५ ची टिकली. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी ४०५ रेघा ही एचडी होती! नंतर अमेरिकेने ५२५, युरोपातल्या बहुतेकांनी ६२५ आणि फ्रान्सने काही काळ ८१९ रेघा वापरल्या. हा शब्द दर पिढीत पुढे सरकत गेला.

आजच्या अर्थाची एचडी सुरू होते जपानमध्ये. १९६४ चं टोकियो ऑलिंपिक झालं आणि जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था एनएचके पुढच्या टीव्हीच्या संशोधनाला लागली. इथे मला एका गोष्टीचं फार कौतुक वाटतं. त्यांनी सुरुवात यंत्रापासून केली नाही, माणसापासून केली. ताकाशी फुजिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न विचारला : माणूस चित्रात रंगून जातो, त्याला आपण तिथेच आहोत असं वाटतं, ते कधी? प्रयोगांतून दिसलं की चित्राने डोळ्यांपुढचा सुमारे ३० अंशांचा भाग व्यापला पाहिजे. त्यासाठी पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसायला हवं. जुना टीव्ही लोक सहा-सात पट अंतरावरून बघत, कारण त्याहून जवळ गेलं की रेघा दिसायला लागत. मग जवळ बसूनही रेघा दिसू नयेत म्हणून त्यांची संख्या वाढवायची. ती त्यांनी ठरवली ११२५.

म्हणजे लक्षात घ्या, एचडीचा मूळ अर्थ 'बारीक चित्र' असा नाही. त्याच जागेवरून मोठं चित्र, आणि तरीही रेघ दिसत नाही, हा तो अर्थ आहे. रेघांचा आकडा त्या अर्थाच्या पोटी आला.

रुंदीही बदलली. जुना पडदा ४:३, म्हणजे जवळजवळ चौकोनी. सिनेमाचे पडदे मात्र वेगवेगळ्या रुंदीचे. अमेरिकेतले अभियंते कर्न्स पॉवर्स यांनी १९८४ च्या सुमारास या सगळ्या आकारांचे, पण सारख्याच क्षेत्रफळाचे आयत एकावर एक ठेवून पाहिले. ते सगळे ज्या चौकटीत मावतात, आणि सगळ्यांना सामाईक असा जो मधला भाग, त्या दोन्हींचं प्रमाण निघालं जवळपास १६:९. म्हणजे १६:९ हा सगळ्यांना थोडं थोडं सांभाळून घेणारा आकार आहे, पंचांनी काढलेली तडजोड म्हणा ना.

पण एवढ्या रेघा हवेतून पाठवायच्या कशा? जपानने अ‍ॅनालॉग पद्धतीतच दाबून-दडपून उपग्रहावरून प्रसारण सुरू केलं. तेवढ्यात १९९० मध्ये अमेरिकेतल्या जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीने पूर्ण डिजिटल पद्धत मांडली आणि वारं फिरलं. तिथल्या नव्या डिजिटल मानकात एचडीची दोन मापं ठरली : १२८० × ७२० आणि १९२० × १०८०. हे दोन आकडेही जवळ ठेवा.

गाजर, कॅल्क्युलेटर आणि सपाट पडदा

आता दुसरं घराणं. याची सुरुवात झाली प्रागमध्ये, १८८८ साली, एका वनस्पतिशास्त्रज्ञाकडे. फ्रीडरिश रायनित्झर गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलच्या संयुगांवर काम करत होते. त्यातला एक पदार्थ दोनदा वितळतो असं त्यांना दिसलं. १४५.५ अंश सेल्सिअसला गढूळ द्रव, आणि १७८.५ अंशांना स्वच्छ द्रव. मधल्या अवस्थेत पदार्थ वाहतो द्रवासारखा आणि उजेडाशी वागतो स्फटिकासारखा. यालाच आपण आज लिक्विड क्रिस्टल म्हणतो; एलसीडीतले पहिले दोन इंग्रजी शब्द तेच. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं हे प्रयोगशाळेतलं कुतूहल राहिलं.

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर आणि सहकाऱ्यांनी याचा पडदा करून दाखवला. भिंतीवर टांगायचा टीव्ही येणार, अशी चर्चाही झाली. पण आरसीएचा धंदा होता पिक्चर ट्यूबचा. आपल्या चालत्या दुकानासमोर दुसरं दुकान कोण उघडेल? काम मागे पडलं.

आरसीएवरचा एक कार्यक्रम जपानमध्ये टीव्हीवर दाखवला गेला आणि तो शार्प कंपनीतल्या तोमिओ वादा यांनी पाहिला. शार्पला टीव्ही करायचा नव्हता, कॅल्क्युलेटर करायचा होता. तेव्हाचे कॅल्क्युलेटर वीज खात. १९७३ मध्ये शार्पने एलसीडीचा पहिला खिशातला कॅल्क्युलेटर आणला. लहानशा एका सेलवर तो सुमारे १०० तास चाले. एलसीडीला पहिली नोकरी लागली ती ही, कमी विजेत काळे आकडे दाखवायची.

याच काळात दोन महत्त्वाच्या गोष्टी झाल्या. स्वित्झर्लंडमध्ये शाड्ट आणि हेल्फ्रिश यांनी १९७० मध्ये लिक्विड क्रिस्टलच्या रेणूंना पीळ देऊन उजेड अडवायची-सोडायची युक्ती शोधली. आणि इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी खोलीच्या तापमानाला टिकून राहणारे पदार्थ तयार केले. त्याआधीचे पदार्थ फार लवकर खराब व्हायचे.

या पडद्याचं काम कसं चालतं ते सोप्या शब्दांत सांगतो. प्रत्येक ठिपका म्हणजे एक बारीकशी झडप. ठिपका स्वतः उजेड देत नाही. मागे दिवा असतो. झडप उघडली की उजेड पुढे येतो, मिटली की अडतो. पुढे लाल, हिरवी, निळी गाळणी. कॅल्क्युलेटरमध्ये अशा मोजक्याच झडपा लागतात, प्रत्येकीला तार जोडता येते. टीव्हीत लाखो झडपा. मग प्रत्येकीपाशी एक पहारेकरी हवा, जो सांगितलेला हुकूम पुढचा हुकूम येईपर्यंत धरून ठेवील. हा पहारेकरी म्हणजे काचेवर बसवलेला पातळ ट्रान्झिस्टर. अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीत पीटर ब्रोडी यांनी १९७३ च्या सुमारास सहा इंच चौरस पडदा केला, १२० × १२० ठिपक्यांचा. काही वर्षांनी कंपनीने तेही काम थांबवलं. १९७९ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या स्पिअर आणि लकोम्बर यांच्या गटाने स्फटिकरूप नसलेल्या सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर करून दाखवले. ते मोठ्या काचेवर स्वस्तात पसरता येतात. आजच्या साध्या बत्तीस इंची टीव्हीत बहुधा हेच असतात.

मग सपाट टीव्ही वाढत गेला तो अगदी लेकरासारखा, इंच-इंच. १९८२ ला सेइकोचं टीव्हीचं घड्याळ, पडदा सव्वा इंचाच्या आसपास. १९८४ ला एप्सनचा खिशातला रंगीत टीव्ही, दोन इंच. १९८८ ला शार्पचा १४ इंची रंगीत पडदा. १४ इंच म्हणजे घरातल्या लहान डबा टीव्हीचं माप. म्हणजे आता तो घरात शिरायच्या वयाचा झाला. १९९८ मध्ये शार्पचे अध्यक्ष माचिदा यांनी जाहीर केलं की २००५ पर्यंत जपानमध्ये विकायचे आमचे सगळे टीव्ही एलसीडीचे असतील. आणि २००७ च्या शेवटच्या तिमाहीत जगभरात एलसीडी टीव्हीची विक्री पहिल्यांदा डबा टीव्हीच्या पुढे गेली.

कुणी म्हणेल, प्लाझ्मा टीव्हीही सपाटच होता की. होता, आणि चित्र उत्तम होतं. पण प्लाझ्माचा प्रत्येक ठिपका म्हणजे वायू भरलेली कोठडी. ती फार लहान करणं कठीण आणि महाग. त्यामुळे प्लाझ्मा बहुतेक ४२ इंच आणि त्यापुढे राहिला. लहान घराकडे आली ती कॅल्क्युलेटरची पोरगी.

सोयरीक आणि तिच्या अटी

आता खोका परत हातात घेऊ आणि एकेक आकडा वाचू.

पहिला, ३२ इंच. हे माप माणसाने मागितलं म्हणून आलेलं नाही, काच कापण्याच्या हिशोबातून आलं. पडदे सुटे बनत नाहीत. मोठ्या काचेवर एकदम तयार होतात आणि मग कापतात. शिंपी कापडाचा पन्हा बघून ठरवतो ना, यात किती सदरे निघतील, कातरण किती जाईल, तसंच. शार्पचा कामेयामाचा कारखाना २००४ ला सुरू झाला, तिथली काच होती १.५ मीटर × १.८ मीटर. तीतून ३२ इंचांचे बरोबर आठ पडदे निघत. नंतर २.२ × २.५ मीटरची काच आली, तीतून अठरा निघतात. कातरण कमी, म्हणून माप स्वस्त.

दुसरा, १३६६ × ७६८. हा आकडा तर गमतीदार आहे. मघाशी आपण एचडीची दोन मापं पाहिली, ७२० आणि १०८०. यात ७६८ कुठे आहे? कुठेच नाही. ७६८ आलंय संगणकाच्या दुनियेतून. तिथे १०२४ × ७६८ हे माप प्रचलित होतं. उंची तीच ठेवून १६:९ करायचं, तर ७६८ ला १६ ने गुणून ९ ने भागा : १३६५.३३. पूर्ण आकडा धरा, १३६६. म्हणजे हे माप एचडीच्या घराण्याचं नाहीच, सपाट पडद्याच्या माहेरचं आहे! परिणाम असा की या टीव्हीवर आलेलं प्रत्येक एचडी चित्र बेतून घ्यावं लागतं. ७२० वालं थोडं ताणायचं, १०८० वालं आक्रसायचं. हे काम टीव्हीतली चिप करते. एकाच मापाचे दोन टीव्ही शेजारी ठेवले तर एकावर अक्षरं सुबक आणि दुसऱ्यावर कडांना पाझरलेली दिसतात, त्याचं एक कारण ही चिप.

तिसरा, 'एचडी रेडी'. जानेवारी २००५ मध्ये युरोपातल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने हा शिक्का ठरवला. किमान ७२० ओळी, रुंद पडदा, आणि ७२० व १०८० ही दोन्ही चित्रं स्वीकारण्याची सोय. स्वीकारण्याची, जशीच्या तशी दाखवण्याची नव्हे. एचडीएमआयचं छिद्र याच गरजेतून आलं. त्याचं पहिलं मानक डिसेंबर २००२ चं. एका तारेतून चित्र आणि आवाज, आणि बरोबर नक्कल-बंदीचं कुलूपही.

चौथा, 'एलईडी'. आपण दुकानात "एलसीडी नको, एलईडी दाखवा" म्हणतो. हा टीव्हीही एलसीडीच असतो. झडपा त्याच, फक्त मागचा दिवा बदलला. आधी तिथे पारा असलेल्या बारीक ट्यूबलाइट असत, आता पांढरे एलईडी. पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे, ज्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. वीज कमी आणि टीव्ही आणखी पातळ, हा खरा फायदा. पण झडप शंभर टक्के मिटत नाही, मागचा उजेड थोडा झिरपतोच. म्हणून रात्री दिवे मालवून बघितलं तर काळं आकाश राखाडी दिसतं. डबा टीव्हीचा काळा रंग अधिक काळा होता.

पाचवा, '१७८ अंश'. म्हणजे कडेने पाहिलं तरी चित्र दिसेल असा दावा. दिसतं, पण ही मोजणी चित्राचा उठाव बराच उतरेपर्यंत चालू ठेवलेली असते. आणि लहान टीव्हींपैकी काहींत, विशेषतः २२-२४ इंचांत, जुन्या पिळाच्या पद्धतीचे संगणकाचे पडदे वापरले गेले. ते खालून बघितले की काळवंडतात. आता आपल्या घरची रीत आठवा. टीव्ही उंच भिंतीवर, कारण खाली पलंग नाहीतर कपाट. आणि मंडळी जेवायला खाली सतरंजीवर. म्हणजे त्या पडद्याची सगळ्यात वाईट बाजू, तीच आपल्या वाट्याला! दुकानात टीव्ही डोळ्यांच्या उंचीवर असतो, तिथे हे कळत नाही. तिथे खाली वाकून बघा, लाजू नका.

आणि एक गोष्ट खोक्यावर ठळक छापत नाहीत : आवाज. डब्याला पोट होतं, तिथे स्पीकरला जागा होती. सपाट टीव्हीत स्पीकर चपटे, बहुतेक खाली तोंड केलेले. वयस्कर मंडळी म्हणतात, "चित्र चांगलंय, पण बोललेलं कळत नाही." दर वेळी दोष त्यांच्या कानाचा नसतो.

मग आपल्या पदरात काय पडलं?

आता तो अर्धा मिलिमीटर आठवा. २१ इंची डबा टीव्हीत एक रेघ साधारण तेवढी जाड. नव्या ३२ इंची टीव्हीचं चित्र ३९ सेंटीमीटर उंच, आणि ओळी ७६८. भागाकार करा. एक ओळ : अर्धा मिलिमीटर!

म्हणजे रेघ बारीक झालीच नाही. जवळपास तेवढीच राहिली. मग मिळालं काय? चित्राचं क्षेत्रफळ दुपटीहून थोडं जास्त झालं. नीट डोळ्यांना अर्ध्या मिलिमीटरची रेघ सुमारे सहा फुटांपलीकडून वेगळी दिसत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आपण तेवढ्याच अंतरावर बसायचो, आजही तिथेच बसतो. टीव्ही भिंतीला चिकटला, कोपरा मोकळा झाला, बसायची जागा तीच राहिली आणि चित्र दुप्पट झालं. एनएचकेच्या लोकांनी साठच्या दशकात जे मागितलं होतं, त्याचा लहान घरातला अवतार हा आहे. लहान टीव्हीची एचडी म्हणजे खोटी एचडी, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. मोठ्या दिवाणखान्यात हा टीव्ही बारा फुटांवर लावला तर ती वाया जाते. चाळीतल्या खोलीत ती पुरेपूर वसूल होते.

पण याला एक अट आहे. आत येणारं चित्रही एचडी हवं. मुंबईत ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस केबल डिजिटल करणं सक्तीचं झालं आणि घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले. त्यातले पुष्कळ साधे, ५७६ ओळींचे. टीव्ही एचडी, बॉक्स साधा! आता पुन्हा भागाकार करा. त्याच ५७६ ओळी ३९ सेंटीमीटरवर पसरल्या की एक ओळ झाली जवळपास ०.७ मिलिमीटर. म्हणजे जुन्या डब्यापेक्षा भरड. "नवीन टीव्ही घेतला आणि चॅनेल उलट अंधूक दिसायला लागलं" ही तक्रार किती घरांत ऐकू आली. लोकांना वाटलं टीव्ही खराब, नाहीतर आपला चष्मा. दोन्ही ठीक होतं. भर म्हणजे ४:३ चं चित्र १६:९ वर ताणून बसवलेलं, त्यामुळे बातम्या देणारी बाई गालफुगी आणि क्रिकेटचा चेंडू अंडाकृती. रिमोटवर चित्राचा आकार बदलायचं बटण असतं, ते फार थोड्यांनी दाबलं. पैसे मोजले होते मोठ्या चित्राचे, आणि वर्षानुवर्षं बघितलं ताणलेलं चित्र. ही फसवणूक कुणी ठरवून केली असं मी म्हणत नाही. आकड्यांचा अर्थ सांगायला मध्ये कुणी नव्हतं, एवढंच.

सरकारच्या लेखीही 'लहान टीव्ही'ची व्याख्या झाली. जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या मापांना २८ च राहिला. ही रेघ सप्टेंबर २०२५ पर्यंत टिकली. काच कापण्याच्या हिशोबातून आलेलं माप कराच्या कायद्यात जाऊन बसलं, हा प्रवासही इतिहासाचाच.

शेवटी, अशा व्याख्यानानंतर हमखास येणारा प्रश्न मीच घेतो : "बत्तीस घ्यावा की त्रेचाळीस?" त्रेचाळीस इंची टीव्हीचं चित्र साडेत्रेपन्न सेंटीमीटर उंच. फुल एचडी असेल तर १०८० ओळी. भागून बघा, पुन्हा अर्धाच मिलिमीटर येतो. म्हणजे सहा फुटांवरून दोन्ही सारखेच नितळ दिसतील. त्रेचाळीस फक्त मोठा दिसेल. तेव्हा दुकानात जायच्या आधी घरी दोन कामं करा. बसायच्या जागेपासून भिंतीपर्यंत टेप लावा. आणि आपला बॉक्स एचडी आहे की साधा, ते केबलवाल्याला विचारा. बॉक्स साधाच ठेवायचा असेल, तर त्रेचाळीसच्या पडद्यावर त्याची रेघ जवळजवळ एक मिलिमीटर जाड दिसेल. तेव्हा आधी बॉक्स बदला, मग टीव्ही.